दुसरा फुगा

थेरपिस्ट : तुमचा उजवा पाय.

नवरा : काय झालं पायाला?

थेरपिस्ट : आत्ता काही नाही. मघाशी आपण तिघं बसलो होतो तेव्हा बघत होते. तुमच्या मिसेस एखाद्या शब्दापाशी अडकल्या की तुमचा पाय फरशीवर दाबला जातो. टाच जागेवर राहते, चवडा खाली जातो. आणि लगेच तो शब्द तुमच्या तोंडून येतो. दर वेळी हाच क्रम. आधी पाय, मग शब्द.

नवरा : अहो मॅडम, जन्म गेला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकणारा स्टिअरिंगवर आणि माझ्या पायाखाली जादा ब्रेक. समोर कुणी आडवं आलं की मी विचार करत नाही. पायच करतो विचार.

थेरपिस्ट : समोर कुणीच आलं नव्हतं. त्या 'खिडकी' म्हणणार होत्या. जीभ टाळूला टेकली होती. अजून थोडं थांबला असतात तर आला असता शब्द.

नवरा : बघवत नाही हो. तोंड असं उघडं, डोळे माझ्यावर लागलेले. आणि मला माहीत असतं तिला काय म्हणायचंय. मग गप्प कसं बसायचं? तुम्ही आपल्या तोंडात पेन धरून शांत. तुमचं काळीज कशाचं आहे, देव जाणे.

थेरपिस्ट : पेन चावते म्हणून शांत दिसते.

नवरा : हात्तिच्या. मला वाटायचं, भूक लागत असेल. बरं, आजपासून पायाला रजा. झालं? जाऊ मी?

थेरपिस्ट : बसा. पायासाठी नाही बोलावलं मी तुम्हाला.

नवरा : तिचं काही बिघडलंय का? त्या बोलण्याच्या सरावाच्या गटात काही झालं?

थेरपिस्ट : गटात त्या मजेत आहेत. आज सगळ्यांना रोपं लावायला शिकवताहेत.

नवरा : ती? शिकवतेय? कशी?

थेरपिस्ट : हातानं. आणि थोड्या शिव्या देऊन. शिव्या अडत नाहीत त्यांच्या, एकदम स्वच्छ येतात. नर्सरीतून रोपांचा अख्खा ट्रे घेऊन आल्यात, तुम्हीच नाही का उचलून आणलात?

नवरा : मी हमाल. मला कुठं सांगितलं शिकवणार आहे म्हणून. मला वाटलं, तुमच्या बाल्कनीसाठी असेल.

थेरपिस्ट : तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला असेल त्यांनी.

नवरा : 'रोप, टेलर, माती,' असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, हो हो, टेलरकडे ब्लाऊज आहे, आणतो.

थेरपिस्ट : टेलर म्हणजे गटातले टेलरकाका.

नवरा : ते आत्ता कळलं.

थेरपिस्ट : सकाळी मेंदूच्या डॉक्टरांच्या ऑफिसातून मला फोन आला होता.

नवरा : तुम्हाला? तुम्हाला कशाला?

थेरपिस्ट : तुम्ही उचलत नाही म्हणून.

नवरा : गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मीच उचलायला लागलो तर पोरं काय शिकणार?

थेरपिस्ट : आज सकाळपासून, मघाचा वेळ सोडला तर, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून आहात. मी येता-जाता बघतेय. त्यांनी ऑपरेशनची तारीख याआधी दोनदा दिली. एकदा तुम्ही सांगितलंत घरी पाहुणे आहेत. एकदा ताप.

नवरा : पाहुणे होते. विचारा कुणालाही.

थेरपिस्ट : आणि ताप?

नवरा : ताप मला होता.

थेरपिस्ट : आता तिसरी तारीख आहे. त्यांना आज उत्तर हवंय, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत. नाहीतर तारीख दुसऱ्या कुणाला जाईल, आणि मग पुढची कधी मिळेल ते त्यांनाही सांगता येत नाही. शिवाय नव्या स्कॅनमध्ये डोक्यातल्या रक्तवाहिनीवरचा तो फुगा वाढलेला दिसतोय.

नवरा : हळू बोला मॅडम. पातळ भिंत आहे. पलीकडे ती आहे.

थेरपिस्ट : म्हणजे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नवरा : काय सांगू? एक फुगा फुटला, त्यात तुझी वाचा गेली. आता डोक्यात तसलाच दुसरा आहे, तोही डाव्याच बाजूला. फुटला तर तू जाशील, आणि काढायला गेलो तर काय होईल माहीत नाही. हे सांगू? जिला चहा हवा की पाणी एवढं सांगायला घाम फुटतो, तिला?

थेरपिस्ट : बोलायला घाम फुटतो. समजायला नाही.

नवरा : मी सगळी काळजी माझ्याकडे घेतली. तिला कशाला घोर? तिची झोप नीट आहे, खाते नीट. रोपांशी बोलते. रोपांशी बोलताना, खोटं नाही सांगत, माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात तिला.

थेरपिस्ट : रोपं मध्येच शब्द पुरवत नाहीत.

नवरा : मारा, अजून मारा. पण तिला यातलं काही सांगू नका. हात जोडतो.

थेरपिस्ट : मी सांगायची गरज उरलेली नाही. त्यांना माहीत आहे.

नवरा : काय माहीत आहे?

थेरपिस्ट : मागच्या वेळी गटात टेलरकाकांच्या शेजारी बसल्या होत्या. काकांच्या कानामागे ऑपरेशनचा व्रण आहे. यांनी त्यावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, डावीकडे. आणि मग दोन बोटं दाखवली. काकांना आधी वाटलं दोन मुलं आहेत का विचारताहेत. यांनी मान हलवली, गाल फुगवले, आणि परत दोन बोटं. काका तसेच उठून मला बोलवायला आले.

नवरा : शक्यच नाही.

थेरपिस्ट : मी गेले तेव्हा त्यांनी परत तेच करून दाखवलं.

नवरा : अहो पण कसं? मी तर भरभर बोललो होतो.

थेरपिस्ट : म्हणजे?

नवरा : तुम्हीच शिकवलंत ना? पहिल्या दिवशी. हळू बोला, छोटं वाक्य, एका वेळी एकच गोष्ट. भरभर बोललेलं त्यांच्या हाती लागत नाही. मी लक्षात ठेवलं. जे तिला कळायला हवं ते हळू. 'चहा. हवा. का?' आणि जे कळायला नको ते भरभर. डॉक्टरांशी फोन, मुलीशी फोन, सगळं सुसाट.

थेरपिस्ट : कुठे बसून?

नवरा : कुठे म्हणजे? तिच्या शेजारी. सोफ्यावर.

थेरपिस्ट : शेजारी बसून?

नवरा : उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो तर संशय नसता का आला तिला?

थेरपिस्ट : (ओंजळीत तोंड लपवते.)

नवरा : हसताय की रडताय?

थेरपिस्ट : अर्धी चूक माझी आहे. भरभर बोललेलं सगळं हाती लागत नाही, असं मी सांगितलं. काहीच लागत नाही, असं नव्हतं सांगितलं. तो फरक मी नीट सांगायला हवा होता. हे बघा, तुम्ही एरवी त्यांच्याशी एकेक शब्द मोजून बोलता. फोन आला की एकदम वेग घेता. त्या वेगावरूनच कळत असणार त्यांना, की आता आपल्याबद्दल चाललंय. मग कान टवकारायचे आणि एखादा शब्द पकडायचा. 'फुगा' हा शब्द किती वेळा आला असेल फोनवर?

नवरा : दर फोनला.

थेरपिस्ट : 'डावीकडे'? 'दुसरा'?

नवरा : देवा. आणि मुलगी तिकडून रडायची. मी इकडून 'रडू नकोस, रडू नकोस'. हिच्या शेजारी बसून. हिनं टीव्हीवरची नजर काढली नाही हो. एकदासुद्धा नाही.

थेरपिस्ट : तुम्हाला त्रास नको म्हणून नसेल काढली.

नवरा : म्हणजे दोघंही एकाच सोफ्यावर बसून एकमेकांपासून तेच लपवत होतो.

थेरपिस्ट : असं दिसतंय.

नवरा : तुम्हाला एक सांगू? फुगा फुटल्यावर पहिले किती तरी महिने ती मला 'चावी' म्हणायची. 'चावी, ये.' 'चावी, जेव.' सोसायटीतली पोरं मला चावीकाका म्हणायला लागली. मी हसायचो, काय करणार? आणि आत्ता, परवा परवा, मी अंघोळीहून आलो तर स्वयंपाकघरातून 'अहो' म्हणाली. सरळ. 'अहो.' मी टॉवेल गुंडाळून तिथंच उभा. एवढे कष्ट करून एकेक शब्द वेचून आणलाय तिनं. आणि त्याच बाजूला परत सुरी लावायची? मी कशी तारीख देऊ? तुम्ही दिली असती?

थेरपिस्ट : मला माहीत नाही. तुम्ही घाबरताय त्यात काही चूक नाही. धोका खरा आहे. पण तो त्यांच्या डोक्यात आहे. तुमच्या नाही.

नवरा : आणि ती 'करा' म्हणाली आणि काही झालं तर? 'नको' म्हणाली आणि फुटला तर?

थेरपिस्ट : दोन्ही होऊ शकतं. पण निदान त्यांनी ठरवलेलं असेल. आत्ता तुम्ही न ठरवून ठरवताय. मी त्यांना बोलावते. तुम्ही या खुर्चीत बसा, त्यांच्या समोर. शेजारी नको.

(दार उघडतं. पलीकडच्या हॉलमधला गलका आत येतो. बायको रोपांचा ट्रे दोन्ही हातांवर तोलत आत येते. दार लोटलं की पुन्हा शांतता.)

बायको : टेलर… टेलर अडाणी! मूळ… मूळ वर! पान… पान खाली! अरे देवा, काय माणूस आहे!

थेरपिस्ट : उलटं लावलं?

बायको : उलटं! सुई… सुई धरतो. असं. रोप… दोरा नाही.

नवरा : सुईत दोरा ओवल्यासारखं लावत होता म्हणतेय.

थेरपिस्ट : कळलं मला.

नवरा : सॉरी. रजा, रजा.

बायको : अहो. तोंड… का असं? पडलं?

नवरा : कुठं काय. असंच आहे माझं तोंड, तू सवयीनं चांगलं समजतेस.

थेरपिस्ट : बसा. ट्रे इथं ठेवा, टेबलावर. आज आपल्याला एका गोष्टीवर बोलायचंय. मोठी गोष्ट आहे. मी हळू बोलेन. अडलं तर थांबवा. चालेल?

बायको : हं.

थेरपिस्ट : हा कागद. यावर मी एक शब्द लिहिते. वाचा.

बायको : फु… फुगा.

थेरपिस्ट : कुणाचा?

बायको : माझा. इथं. एक फुट… फट्! आणि दोन. दुसरा. आहे.

नवरा : अगं, तुला कधीपासून…

बायको : भरभर! फोन. भरभरभरभर. फुगा, फुगा, फुगा. मी… मी दगड?

नवरा : नाही गं. दगड कसली…

बायको : दगड? सोफा? उशी?

नवरा : मला वाटलं तुला त्रास होईल. मुलगीपण म्हणाली की आत्ता नको सांगायला, आणि डॉक्टर म्हणाले की घाई करू नका पण फार उशीरही करू नका, म्हणजे काय करायचं माणसानं, आणि तुझं इकडे बोलणं जरा सुधारतंय तर मध्येच हे…

बायको : हळू! मला पण. हळू. खरं… खरं पण हळू.

थेरपिस्ट : थांबूया जरा. पाणी घ्या दोघंही. आधी मी माहिती सांगते, मग तुम्ही बोला. आकडे डॉक्टरांचे आहेत, माझे नाहीत. सकाळी त्यांच्याकडून नीट समजून घेतलेत. हा तुमचा ट्रे. साधारण शंभर घरं असतात यात?

बायको : शंभर. दोन… कमी.

थेरपिस्ट : शंभर धरूया. एक रोप म्हणजे एक बाई. सगळ्यांना तुमच्यासारखाच फुगा आहे. डावीकडे. आणि या सगळ्यांनी ऑपरेशन करून घेतलं. आता ही काही रोपं मी बाजूला…

बायको : ए! उपटू नको!

थेरपिस्ट : सॉरी. मग कसं दाखवू?

बायको : काडी. थांब. खिसा… अहो, खिसा.

नवरा : माझ्या खिशात? हां, या. नावं लिहायच्या काड्या. हमालाच्या खिशात काय काय असतं बघा.

थेरपिस्ट : या छान आहेत. ऑपरेशन केलं. बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. ज्या झाल्या नाहीत त्यांच्याजवळ मी काडी लावते. एक, दोन, तीन, चार, पाच. या पाच जणींना त्रास झाला. हात, पाय किंवा शब्द. काहींचा त्रास पुढे कमी होतो. आणि ही एक काडी मी आडवी ठेवते.

बायको : मेली.

थेरपिस्ट : हो.

बायको : एक.

थेरपिस्ट : एक. आता सगळ्या काड्या काढते. परत सगळी रोपं बरी आहेत. या वेळी कुणीच ऑपरेशन केलं नाही. आज काही होत नाही. उद्या काही होत नाही. एका वर्षात एखाद-दुसरीचा फुगा फुटतो. पण दहा वर्षं धरली तर… या काड्या लावते. इतक्या. डझनभर. आणि यातल्या निम्म्या आडव्या.

बायको : जास्त.

थेरपिस्ट : जास्त. पण पसरलेल्या. कदाचित कधीच नाही. ऑपरेशनचा धोका एकाच दिवशी असतो. न करण्याचा धोका रोज थोडा थोडा. इथपर्यंत कळलं? मला परत सांगा. ऑपरेशन केलं तर?

बायको : पाच. आजारी. एक… गेली. लगेच.

थेरपिस्ट : आणि नाही केलं तर?

बायको : आज… छान. उद्या छान. मग… कधी… फट्. रोज बघ. रोज भीती.

थेरपिस्ट : बरोबर. मी सांगितलं त्याहून चांगलं सांगितलंत.

बायको : मी कुठली?

थेरपिस्ट : म्हणजे?

बायको : रोप. यात. मी… हे? का हे?

थेरपिस्ट : ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही.

बायको : हं. बी… बी पण तसंच. सगळं सारखं. पाणी सारखं. एक येतं. एक नाही. का? माहीत नाही.

नवरा : मॅडम, हे तिला झेपतंय का? तिचा हात बघा, काडी मोडली तिनं.

बायको : माझा हात. मी बघते.

थेरपिस्ट : अजून एक गोष्ट. खरी आहे म्हणून सांगते. फुगा डावीकडे आहे. शब्दही डावीकडे. त्रास झाला तर शब्दांना होण्याची शक्यता जास्त.

बायको : शब्द… जाणार?

थेरपिस्ट : जाऊ शकतात. काही दिवस, किंवा कायमचे. टेलरकाकांना विचारलंत तुम्ही?

बायको : टेलर. उठला. काही नाही. बायको… बायकोला 'बस' म्हणाला. बस… लाल बस. तिकीट. मग… आले. थोडे. वाकडे. पण आले.

नवरा : वाकडे!

बायको : हसू नको. तू पण वाकडा.

थेरपिस्ट : आता तुमची पाळी. तुम्हाला काय वाटतं ते यांना सांगा. मला नाही, यांना.

नवरा : मला काय वाटायचंय? तिचं डोकं, तिनं ठरवावं, तुम्हीच म्हणालात ना मघाशी, मी कोण, मी आपला ड्रायव्हिंगवाला, मला त्यातलं काय कळतं, फक्त इतकंच की आत्ता कुठे गाडी रस्त्याला लागलीय तर…

बायको : अहो.

नवरा : काय?

बायको : हळू. चहा… चहासारखं. सांग.

नवरा : चहासारखं?

बायको : 'चहा. हवा. का?' तसं.

नवरा : मला… मला. भीती. वाटते.

बायको : हं.

नवरा : तू. परत. मला. ओळखणार नाहीस. परत 'चावी' म्हणशील. आणि. मी. थकलोय. मला. परत. पहिल्यापासून. जमेल का. माहीत नाही.

बायको : हं.

नवरा : आणि. तू. गेलीस. तर. घरात. मी. कुणाशी. बोलू?

बायको : रडतोस?

नवरा : नाही. हळू बोललं की डोळ्याला पाणी येतं, त्याला मी काय करू?

बायको : मला पण. भीती. रोज. डोकं दुखलं… फुगा? खोकला… फुगा? रात्री तू… घोरतो. मी जागी. हात… इथं. डोक्यावर. धरून.

नवरा : धरून? का?

बायको : फुटू नको. म्हणून.

नवरा : किती दिवस करतेयस असं? अगं, मला उठवायचं.

बायको : उठवून… काय? तू भरभर.

थेरपिस्ट : घड्याळ बघतेय मी, माफ करा. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ आहे. आज ठरवलंच पाहिजे असं नाही. तुम्ही म्हणालात तर मी तारीख सोडायला सांगते, नंतर परत मागू. आणि आज 'हो' म्हटलं तरी ती सही नाही. डॉक्टर तुम्हाला भेटतील, परत विचारतील. तेव्हाही मत बदलता येईल.

नवरा : मी करतो फोन. तू मला नुसती खूण कर. हो की नाही. मी सांगतो त्यांना.

बायको : नाही.

नवरा : नाही म्हणजे ऑपरेशन नाही?

बायको : तू नाही. मी.

नवरा : तू फोन करणार? अगं, त्या ऑफिसातली मुलगी घाईत असते. माझंसुद्धा पूर्ण ऐकून घेत नाही. तू अडकलीस की ठेवून देईल. मग बसशील दिवसभर तोंड फिरवून.

बायको : ठेवेल. परत करीन.

थेरपिस्ट : गटात फोनचा सराव केलाय आपण. पहिलं वाक्य पाठ आहे ना?

बायको : पाठ.

थेरपिस्ट : आधी मला सांगता का काय सांगणार आहात ते? म्हणजे गरज पडली तर मी मदत करीन.

बायको : नाही. एकदाच. शब्द… शब्द महाग. दोनदा… नाही येणार.

थेरपिस्ट : बरं. स्पीकरवर ठेवते. नंबर लावलाय. रिंग जातेय.

फोनवरचा आवाज : हॅलो, बोला.

बायको : नमस्कार. मला… वाचाघात आहे. मला बोलायला वेळ लागतो. थांबा.

फोनवरचा आवाज : काय आहे? नाव सांगा पेशंटचं.

बायको : मी. पेशंट मी. फुगा. दोन… दुसरा. तारीख.

फोनवरचा आवाज : कुठली तारीख, मॅडम? आवाज तुटतोय. शेजारी कुणी नातेवाईक आहेत का? त्यांना द्या फोन.

बायको : आहे. नवरा. मी… मी सांगते. थांबा. ऑ… ऑप… ओप…

फोनवरचा आवाज : हॅलो? मॅडम, मागे लाईनीत लोक आहेत. ते मिस्टर आहेत ना तिथं? द्या त्यांना.

थेरपिस्ट : (नवऱ्याकडे बघून) तुम्ही बोला त्यांच्याशी. फक्त तुमचं.

नवरा : हॅलो. मी नवरा बोलतोय. दोनदा तारीख पुढे ढकलली तो मीच.

फोनवरचा आवाज : अहो, तुम्हालाच सकाळपासून शोधतेय. सांगा पटकन, घ्यायची का तारीख?

नवरा : मला माहीत नाही. मला अजून सांगितलेलं नाही तिनं. फोन तिच्याकडेच राहू दे. जरा थांबा, येतोय तिचा शब्द. मीही थांबलोय.

फोनवरचा आवाज : बरं. बोला मॅडम. थांबते मी.

बायको : ऑ… ऑपर… देवा रे… ऑप…

थेरपिस्ट : सावकाश.

बायको : ऑपरेशन.

फोनवरचा आवाज : हो, ऑपरेशन. दुसऱ्या फुग्याचं. सापडली तुमची फाईल. काय ठरलं?

बायको : करायचं.